मांगरातलं सामान

जुनं लाकडी सामान विकत घ्यायचं असेल तर ते भर पावसाळ्यात बघायला जावं, असं माझं ठाम मत झालं आहे. उन्हाळ्यात सगळेच खण अलगद उघडतात, सगळ्या चौकटी काटकोनात बसलेल्या दिसतात, आणि पॉलिश मारलेलं कुठलंही कपाट देखणं वाटतं. श्रावणात खरं काय ते कळतं. लाकूड फुगतं ते रुंदीच्या अंगाने. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. चांगल्या सुताराला हे ठाऊक असतं, म्हणून तो दाराची फळी चौकटीच्या खोबणीत जरा सैल सोडतो, चहूबाजूंनी खिळे ठोकून जखडत नाही. असं कपाट जुलैत थोडं जड उघडतं, एवढंच. दिवाळीनंतर ते पुन्हा पूर्ववत होतं, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तरी फळीला तडा जात नाही. घाईत केलेल्या सामानात ही मोकळीक नसते. ते पहिल्याच पावसात फुगून अडकतं आणि पहिल्याच थंडीत फाटतं.

आमचं छोटं घर देवगड तालुक्यात आहे, समुद्रापासून थोडं आत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथे राहायचं तर सामान निवडताना आधी पावसाचं मत विचारावं लागतं.

हे मुळात घर नव्हतंच, मांगर होता. वाडीतला, पेंढा आणि नांगर ठेवायचा. मागच्या पिढीत कुणीतरी त्याला ओटी आणि पडवी जोडली, स्वयंपाकघर काढलं आणि तिथे संसार केला. जांभ्याच्या भिंती, शेणाने सारवायची जमीन, पुढे खळं आणि खळ्यात तुळस. आम्ही ते घेतलं तेव्हा आत काही नव्हतं. भिंतीतले कोनाडे, खुंट्या आणि जमिनीत पुरलेलं वायन (कांडायचं दगडी उखळ), म्हणजे हलवता न येणाऱ्या गोष्टी तेवढ्या राहिल्या होत्या. बाकीचं भावाभावांच्या वाटण्यांत गेलं आणि उरलेलं भंगारवाल्याने नेलं. कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांची हीच कथा आहे, आणि मला तिचा मनापासून त्रास होतो. ज्या पेटाऱ्यात तीन पिढ्यांच्या साड्या राहिल्या, तो वजनावर, जळणाच्या भावाने जातो. त्याच्या कड्या-कोयंड्यांचं पितळ मात्र वेगळं काढून तोललं जातं.

त्यामुळे आमची शोधाशोध सुरू झाली ती नटवण्यासाठी नव्हती. बसायला, निजायला, धान्य ठेवायला, पाणी ठेवायला काहीतरी लागतं. ते नवं आणायचं की या हवेत आधीच टिकून दाखवलेलं आणायचं, एवढाच प्रश्न होता.

पण सामानाच्या आधी छप्पर. वैशाखात शाकारणी असते. माकडांनी फोडलेली कौलं काढायची, नवी घालायची, पन्हळी साफ करायच्या. आमच्याकडे मंगळुरी कौलं आहेत. पहिल्या शाकारणीला मेस्त्रींनी वरून एक फुटकं कौल खाली दिलं, ते मी धुऊन पालथं केलं. मागच्या बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं होती, शेवाळ्यात भरलेली. डोळ्यांनी वाचण्याआधी बोटांनी लागली. बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, आणि खाली १८६५. हा आकडा त्या कौलाच्या जन्माचा नव्हे, कारखान्याच्या स्थापनेचा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातून आलेल्या मिशनने १८६५ साली मंगळुरात नदीकाठच्या चिकणमातीवर हा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी, हलकी, चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावर गलबतांनी बंदरोबंदरी जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे उद्योग ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं कौल शंभरी ओलांडलेलं असणार. त्याने शंभर मृगं अंगावर घेतली आहेत. तो तुकडा मी फेकला नाही. पडवीत पाण्याच्या कळशीखाली ठेवला आहे.

याच छपरात एक काचेचं कौल आहे, माजघरावर. त्यातून दुपारी उन्हाचा चौकोन जमिनीवर पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा हा चौकोन काचेच्या बरोबर खाली पडत नाही. दहाएक फूट उत्तरेला, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जातो. मग महाशिवरात्र, शिमगा, पाडवा असं करत तो हळूहळू मागे सरकतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, आणि त्या दिवशी चौकोन काचेच्या अगदी खाली असतो. तिथे मी सुकवणं ठेवते. घरात कॅलेंडर आहे, पण आमसुलं कधी उन्हात घालायची आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी कुठवर आली पाहिजे, हे मी त्या चौकोनावरून ठरवते.

आता बाजारांविषयी. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार; हे सगळे मी पुष्कळ पालथे घातले. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात हे आधी माहीत असलेलं बरं. ओशिवऱ्याला माल भरपूर, पण त्यात नवं लाकूड जुनं करून विकलेलंही खूप. ते ओळखायचं तर वस्तूच्या दर्शनी भागाकडे बघूच नये. खुर्ची उलटी करावी, खण पूर्ण बाहेर काढून त्याची पाठ बघावी. जुन्या कामात आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला हाताने मारलेल्या रंध्याचे हलके चढउतार बोटाला लागतात. यंत्राने रंधलेली फळी सपाट असते. खणाच्या कोपऱ्यावरचे डव्हटेलचे दात हाताने कापलेले असले तर एकसारखे नसतात. आणि झीज नेमकी कुठे झाली आहे ते बघावं. माणसं खुर्चीच्या हाताला पुढच्या टोकाशी धरून उठतात. झीज तिथेच हवी. विक्रेत्याने सँडपेपर मारून सगळीकडे सारखी झीज केली असेल तर ती खुर्ची कुणाच्या बसण्याने झिजलेली नाही. शेवटी वास. जुन्या सागाचा खण उघडला की तेलकट, किंचित चामड्यासारखा वास येतो. ताज्या पॉलिशखालीही तो लपत नाही.

मुंबईत मला इराण्याच्या हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसल्या आणि त्या सोडून येणं जड गेलं. व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ साली बाजारात आणलेल्या खुर्चीच्या घराण्यातल्या त्या. लाकूड वाफेवर नरम करून वाकवायचं, सहा तुकडे, दहा स्क्रू. सुटी करून घनमीटरच्या एका पेटीत ३६ खुर्च्या बसत. जगभर गेली ती खुर्ची, आणि मुंबईत तिच्यावर बसून लोकांनी पिढ्यान् पिढ्या ब्रुन-मस्का खाल्ला. पण ती बीचच्या लाकडाची असते. बीच ओलाव्याने फार हलतं आणि कीडही लवकर धरतं. तिची जागा शहरातल्या कोरड्या, वापरत्या हॉटेलात आहे. आमच्या पडवीत आणून तिला मारायची नव्हती.

खरं सामान मिळालं ते घराच्या जवळच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण झालं, त्यात रस्त्याकडेची कितीतरी घरं गेली. कणकवलीच्या आसपास त्या काळात खांब, तुळया, दारं, पलंग रस्त्याकडेला ताडपत्रीखाली रचून ठेवलेले असायचे. वखारीत विचारलं की हे कुठलं, तर गावाचं नाव सांगत, आणि ते गाव आपल्याला माहीत असे. त्या रचलेल्या दारांवर अजून गेल्या वर्षीच्या तोरणाचा दोरा असायचा, चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं असायची. तिथून काही घेताना मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण न घेतलं तर ते चिरून नव्या प्लायवूडच्या दारांच्या पट्ट्या होणार होत्या. मी घेतलं.

तिथेच आम्हाला पलंग मिळाला. फणसाच्या लाकडाचा. लोकांना साग आणि शिसव यांचंच कौतुक. फणसाला कुणी विचारत नाही. खरं तर कोकणातलं कष्टाळू लाकूड ते. कापलं की पिवळंधमक असतं, आणि जसजशी वर्षं जातात तसतसं गडद, तांबूस होत जातं. आमच्या पलंगाच्या पायाला एक जागी मेस्त्रींनी रंधा मारला तेव्हा आतून हळदीसारखा पिवळा रंग वर आला आणि त्याच्या दोन बोटं वर शंभर वर्षांचा तपकिरी. तो पाय आम्ही तसाच ठेवला आहे. दरवर्षी तो पिवळा थोडा थोडा विझत चालला आहे, आणि मी बघते आहे.

पलंग उंच आहे. चढताना हात टेकावा लागतो. आल्यागेल्या शहरी पाहुण्यांना वाटतं, पूर्वीच्या लोकांना अशी उंची आवडत असेल. एप्रिलमध्ये त्याचं कारण समजतं. आंबे उतरले की पलंगाखाली भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर हापूस एकेरी लावायचे, देठ वर, वरून पुन्हा पेंढा. ही अढी. काळोख हवा, ऊब हवी, हवा खेळती हवी, आणि रोज सकाळी हात घालून चाचपता आलं पाहिजे. बुटक्या दिवाणाखाली हे जमत नाही. रात्री निजलं की खालून आधी पेंढ्याचा वास, मग चारपाच दिवसांनी आंबटसर, आणि मग एका रात्री तो वास, ज्यासाठी माणसं मुंबईहून बसचा रात्रभराचा प्रवास करून येतात. त्या रात्री झोप लागत नाही, आणि लागू नये.

आगोट संपली, मृग लागला, की घरातलं सामान हलतं. ही गोष्ट मला इथे येऊन शिकायला मिळाली आणि आता ती माझी आवडती आहे. शहरात सोफा एकदा भिंतीला लावला की दहा वर्षं तिथेच. इथे दर ऋतूत वस्तूंच्या जागा बदलतात. पडवीच्या बाहेरच्या अंगाला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधली जातात, आरामखुर्ची आत ओटीवर येते. भिंतीला टेकलेलं सगळं वीतभर पुढे ओढायचं, कारण जांभा पाणी पितो आणि मागून ओल देतो. पलंगाच्या पायांखाली दगडी वाट्या. लक्ष्मीचं एक जुनं छापील चित्र आहे, राजा रविवर्म्याच्या छापखान्याच्या पद्धतीचं. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना. ते चित्र आषाढात भिंतीवर ठेवता येत नाही. ते उतरवून, मऊ धोतरात गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यासकट पेटाऱ्यात. देवी चातुर्मासात पेटाऱ्यात आणि नवरात्रात पुन्हा भिंतीवर, हा आमचा नेम झाला आहे. विजेचा भरवसा नसतो, म्हणून कंदिलाच्या काचा चुलीच्या राखेने पुसून ठेवायच्या.

आरामखुर्चीबद्दल थोडं सांगायलाच हवं. लांब हातांची, ब्रह्मी सागाची. हा साग ब्रह्मदेशातून यायचा, आणि आमच्या भागाला त्याची एक जास्तीची आठवण आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने जंगलातून किती ओंडके नेले यावरून थिबा राजाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. तो वाद इंग्रजांना १८८५ च्या युद्धासाठी निमित्त म्हणून पुरला. राज्य गेलं आणि राजाला आणून ठेवलं रत्नागिरीत. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून त्याच्यासाठी राजवाडा बांधला १९१० साली, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीला गेले की मी थिबा पॅलेसच्या त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांशी उभी राहते. आमच्या खुर्चीचं लाकूड नेमकं कुठल्या जंगलातलं ते कळायला मार्ग नाही, पण तिच्यावर बसताना ती गोष्ट मनातून जात नाही.

खुर्चीचा वेत फाटलेला होता. कणकवलीत एक विणणारा भेटला. ही विद्या तो अंधशाळेत शिकला होता. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजत घातल्या. मग चौकटीच्या भोकांतून पहिली फेरी उभी, दुसरी आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, आणि शेवटी दोन फेऱ्या तिरक्या, उलटसुलट. त्या तिरक्या फेऱ्या पडल्या की चौकोनी भोकांचे कोपरे कापले जातात आणि आठ कोनांची जाळी उभी राहते. विणताना त्याचा डावा अंगठा सतत पुढच्या भोकावर असायचा, आणि पट्टी उलटी झाली तर ती ओढण्याआधीच त्याला कळायचं, कारण वेताची एक बाजू गुळगुळीत असते आणि एक खरखरीत. काम झाल्यावर त्याने खुर्ची सावलीत ठेवायला सांगितली. सुकली तसा वेत ताठ होत गेला. दुसऱ्या दिवशी टिचकी मारली तर डफासारखा वाजला. पावसात तो जरा सैल पडतो, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आवळतो.

भाद्रपदात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जमीन दिसेनाशी होते, इतकी फुलं येतात: सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा. चवथीला गणपतीच्या वर माटवी टांगतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ (डहाळ्या), नारळ, कच्च्या सुपारीचा घड, कवंडळं, अग्निशिखेची लाल-पिवळी फुलं. आमच्या माटवीची चौकट जुनी आहे, कुणाच्यातरी पडक्या देवघरातली. वर्षभर माळ्यावर असते आणि पाच दिवस खाली येते. तिला मी कधी पॉलिश केलं नाही. तिच्या पट्ट्यांवर टाळांच्या चिकाचे काळे डाग आहेत, आधीच्या घरचे आणि आता आमचेही. ते तसेच राहावेत.

शेजारच्या काकींकडे पितळेची पायली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, होती. १९५६ च्या कायद्याने किलो-लिटर आले, त्यानंतर तिचं बाजारातलं काम संपलं. काकींच्या कणगीत मात्र ती पडून होती. मी कौतुकाने हातात घेतली, तेव्हा काकी म्हणाल्या, "वापरतलंस तर व्हर, नायतर हयच रवांदे." वापरणार असशील तर ने, नाहीतर इथेच राहू दे. मला हे बोलणं फार पटलं. पायली हॉलमध्ये ठेवून तिच्यात मोरपिसं खोचलेली मी पाहिली आहेत, जात्यावर काच टाकून केलेलं टीपॉयही पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा जीव कासावीस झाला. जात्याचं काम दळणं. दळता येत नसेल तर ते ज्याला दळता येतं त्याला द्यावं. पायली आमच्याकडे आली ती या अटीवर की कापणी झाली की वाडीतलं भात तिनेच मोजायचं. त्या भाताचे पोहे नरक चतुर्दशीला होतात: दारात पायाखाली कारीट फोडायचं, मग गुळाचे, दह्याचे, तिखट, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर, असे पोहे घरोघर खायचे.

दिवाळीनंतर खळं. पावसाने धुपलेली माती भरायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची, वर झावळ्यांचा मांडव. तुळशीचं लग्न लागलं की घर बाहेर येतं. खुर्ची, बाक, पाट, सगळं खळ्यात. थंडीत आंब्याला मोहोर येतो तेव्हा संध्याकाळी आत बसवत नाही. लोक येतात, बाकावर बसतात, सामान ओळखतात. एकदा एका आजोबांनी पेटाऱ्याच्या कडीवरून हात फिरवला आणि अशीच कडी त्यांच्या आजोळी कुठल्या भिंतीला होती ते सांगत बसले, भाकऱ्या होईपर्यंत. शिमग्यात रोंबाट, म्हणजे नाचतगात घरोघर फिरणारी मिरवणूक, येतं, तेव्हाही ओटी मोकळी करून हेच पाट मांडायचे.

राहिला झोपाळा. ओटीला झोपाळा नाही हे येणारा प्रत्येक माणूस बोलून दाखवतो. फळी मिळाली आहे: अखंड सागाची, एका बाजूला चुना-तंबाखूचा डाग असलेली. गेल्या गणपतीत ती टांगायची म्हणून मी मेस्त्रींच्या मागे लागले होते. त्यांनी ओटीवरच्या किंजळीच्या तुळईला हात लावून बघितलं आणि मान हलवली. "आता नको, वयनी. लाकूड वलां आसा. तुळशीच्या लग्नानंतर बघया." ओल्या तुळईत कडी ठोकली तर सुकताना भोक ढिलं होतं, हे त्यांचं म्हणणं. मग त्या साली साखळ्याच जुळल्या नाहीत. पितळी साखळ्या एकेक करून जमवते आहे, कारण चारही एकत्र कुणी विकत नाही. ज्या घराची वाटणी होते, तिथे साखळ्याही वाटल्या जातात. तीन मिळाल्या आहेत, मोर आणि हत्ती असलेल्या. चौथीसाठी सावंतवाडी, कणकवली, राजापूर असं सगळीकडे सांगून ठेवलं आहे. मोर मानेवर तुरा असलेला हवा, आणि दोन कड्यांमधलं अंतर बरोबर एक वीत.